रस्ता एक, सायकल आणि गाडी दोन: नव्याने रस्त्यावर उतरणाऱ्यांसाठी

सायकलवाला आणि गाडीवाला यांची रस्त्यावर जी भांडणं होतात, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा दुष्टपणा नसतो, दचकणं असतं. समोरचा सरळ जाणार असं धरून चालावं आणि त्याने ऐन वेळी वळावं. दचकलेला माणूस पुढच्याच क्षणी चिडतो, हॉर्नवर हात ठेवतो किंवा शिवी हासडतो. म्हणून रस्त्यावरचं सौजन्य म्हणजे दुसऱ्याला आपला पुढचा बेत आधी कळू देणं. हसून मान डोलावणं त्याच्या नंतर येतं. पुढे जे काही सांगितलं आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

इथलं वर्णन डाव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या रस्त्यांना धरून आहे. उजवीकडून चालत असेल तिथे डावं-उजवं उलटं करून वाचावं.

आधी सायकल आणि हात

ब्रेकचा लिव्हर पूर्ण दाबला तरी लिव्हर आणि हँडलमध्ये दोन बोटांची जागा उरली पाहिजे. लिव्हर हँडलला टेकत असेल तर केबल ताणून घ्या, गरज असेल तर रबर बदला, आणि मगच रस्त्यावर या. नवखे लोक पुढच्या ब्रेकला घाबरतात, पण सायकल थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो, कारण थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं. दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबायचे, अंग थोडं मागे सरकवायचं. झटक्यात दाबला तर मागचं चाक उचलतं.

गिअर असतील तर सिग्नलला थांबण्याआधीच हलका गिअर टाका. ही बारीक वाटणारी गोष्ट खूप कामाची आहे. जड गिअरवर निघणारी सायकल पहिल्या दोन-तीन पेडलला डावी-उजवी डुलते, आणि नेमकी तेव्हाच मागच्या सगळ्या गाड्या सुटलेल्या असतात.

पुढचा सराव मोकळ्या मैदानात करा. जमिनीवरची एखादी सरळ रेघ धरून सायकल चालवत उजव्या खांद्यावरून एक सेकंद मागे बघायचं आणि रेघ सोडायची नाही. सुरुवातीला सायकल हमखास उजवीकडे ओढली जाते, कारण मान फिरताना खांदा फिरतो आणि खांद्याबरोबर हँडल. त्यावर उपाय असा: उजवा हात हँडलवरून काढून मांडीवर टेकवा, डाव्या हाताची पकड सैल ठेवा आणि फक्त हनुवटी खांद्याकडे न्या. हे जमलं की एका हाताने इशारा करत सरळ चालवणं शिका. उजवीकडे जायचं तर उजवा हात आडवा सरळ, डावीकडे जायचं तर डावा. इशारा दोन-तीन सेकंद दाखवायचा आणि वळण्याआधी दोन्ही हात पुन्हा हँडलवर आणायचे. वळत असताना हात बाहेर ठेवू नका. खड्डा आला तर एका हाताने सायकल सावरत नाही. आरसा लावला असला तरी मान वळवून बघणं सोडायचं नाही. आरशात दिसतं ते अपुरं असतं. शिवाय तुमची मान वळलेली बघून मागच्या चालकाला कळतं की हा काहीतरी करणार आहे.

रस्त्यात नेमकं कुठे चालायचं

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. नवखा सायकलस्वार भीतीपोटी अगदी कडेला चिकटून चालतो. तिथे काचा असतात, वाळू असते, गटाराची झाकणं असतात. ती चुकवायला तो वारंवार आत-बाहेर करतो, आणि मागच्याला त्याचा अंदाज येत नाही. त्याहून वाईट म्हणजे कडेला असलेली सायकल बघून गाडीवाल्याला वाटतं की याच लेनमधून आपण निसटू शकतो.

जरा हिशोब करू. चाक कडेपासून ७५ सेंटीमीटर आत आहे असं धरा. हँडलचं टोक चाकाच्या रेषेपासून साधारण ३० सेंटीमीटर बाहेर असतं. म्हणजे झालं एक मीटरहून थोडं जास्त. त्यापुढे गाडीने सोडायचं दीड मीटर अंतर, आणि आरशांसकट गाडीची रुंदी जवळपास दोन मीटर. एकूण साडेचार मीटर. लेन असते तीन ते साडेतीन मीटरची. म्हणजे सायकल कडेला असली तरी नीट ओव्हरटेक करायला गाडीला शेजारच्या लेनमध्ये किमान मीटरभर जावंच लागतं. अरुंद लेनमध्ये सायकलस्वार मधोमध चालला तर गाडीवाल्याचं नुकसान होत नाही. सायकलस्वार फक्त धोक्याचा कट मारण्याची संधी बंद करतो.

म्हणून दोन जागा ठरवून घ्या. एरवी कडेपासून पाऊण ते एक मीटर आत, सरळ रेषेत. आणि लेन अरुंद असेल, चौक जवळ येत असेल, पुढे आंधळं वळण असेल किंवा रांगेत गाड्या उभ्या असतील, तर लेनच्या मधोमध. ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही जानेवारी २०२२ पासून शांत रस्त्यांवर, संथ वाहतुकीत आणि चौकाजवळ लेनच्या मध्यातून चालण्याचा सल्ला सायकलस्वारांना दिलेला आहे. मधे येताना मात्र आधी मागे बघा, इशारा करा, आणि वीस-तीस मीटरमध्ये हळूहळू सरका. एकदम आडवं येणं म्हणजे मधोमध चालण्याचा हक्क नव्हे.

आणि रस्ता पुन्हा रुंद झाला की परत डावीकडे या. हेही तितकंच महत्त्वाचं. अरुंद रस्त्यावर मागे चार-पाच गाड्या साचल्या आणि पुढे जागा मिळण्याची चिन्हं नसतील, तर एखादी मोकळी जागा बघून थांबा आणि साइड द्या. अर्धं मिनिट जाईल. हात वर करून जाणाऱ्या चालकाला त्या सायकलस्वाराविषयी जे वाटतं, ते पुढच्या दहा सायकलस्वारांच्या कामी येतं.

उभ्या गाड्यांच्या रांगेपासून कमीत कमी एक मीटर, जमलं तर सव्वा मीटर लांब राहा. दरवाजा पूर्ण उघडला की तेवढी जागा खातो. दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत शिरू नका, कारण पुढच्या गाडीशी पुन्हा बाहेर यावं लागतं आणि तेव्हा मागच्याला तुम्ही अचानक उगवल्यासारखे दिसता.

उजवीकडे वळताना

१. वळणाच्या पन्नास-साठ मीटर आधी मागे बघा. जागा नसेल तर इशारा चालू ठेवून पुन्हा बघा.

२. कुणीतरी वेग कमी करून जागा दिली की लेनच्या मध्याकडे सरका. गाडीवाला जागा देतो आहे याची खात्री त्याच्या वेगावरून करा. त्याने दिवे चमकवले म्हणून खात्री धरू नका.

३. दोन लेन ओलांडायच्या असतील तर एकेक लेन स्वतंत्रपणे ओलांडा. प्रत्येक लेनसाठी नव्याने मागे बघायचं.

४. वळणाआधी समोरून येणारी वाहतूक थांबेपर्यंत तिथेच थांबा. चाक सरळ ठेवा, म्हणजे मागून धक्का लागलाच तर समोरच्या वाहतुकीत ढकलले जाणार नाही.

गर्दी जास्त असेल किंवा धीर होत नसेल तर दुसरी वाट आहे. डाव्या बाजूनेच चौक सरळ ओलांडा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबा, सायकल फिरवून घ्या आणि त्या दिशेचा सिग्नल सुटला की जा. डेन्मार्कमध्ये सायकलस्वारांना रस्ता ओलांडून घ्यायचं वळण याच पद्धतीने घ्यावं लागतं. यात कमीपणा काही नाही. पहिले काही महिने मोठ्या चौकात हीच पद्धत ठेवा.

डाव्या बाजूचा सापळा

चौकात थांबलेल्या वाहनांच्या डावीकडून पुढे सरकणं सोपं वाटतं. पुढची गाडी डावीकडे वळणारी नसेल तर ते ठीक. पण इंडिकेटर बघून समाधान मानू नका, पुढचं चाक कुठे वळलं आहे ते बघा. कित्येक चालक इंडिकेटर देतच नाहीत.

ट्रक आणि बस यांच्या बाबतीत नियम कडक ठेवा: थांबलेल्या अवजड वाहनाच्या डावीकडे शिरायचंच नाही, कितीही जागा असली तरी. दोन कारणं आहेत. केबिनला लागून डावीकडचा पट्टा, वाहनाच्या नाकाखालची जागा आणि थेट मागची बाजू चालकाला दिसतच नाही. आणि लांब वाहन वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून कापतात. सुरुवातीला दिसणारी दीड मीटरची मोकळी जागा वळण पूर्ण होईपर्यंत शून्य होते. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही. मागे थांबा.

थांब्यावर उभ्या बसच्या डावीकडून जाऊ नका, लोक उतरत असतात. उजवीकडून जायचं तर आधी तिचा इंडिकेटर बघा. ती निघण्याच्या बेतात असेल तर मागेच राहा. पुढे गेलात तर पुढच्या दोनशे मीटरवर तीच बस तुम्हाला ओव्हरटेक करेल आणि हा खेळ प्रत्येक थांब्यावर चालू राहील.

गाडी चालवणाऱ्यांसाठी

सायकल रस्त्यातला अडथळा नाही, ते वाहन आहे आणि त्यावर कसलंही कवच नसलेला माणूस बसलेला आहे. ५० किमी वेगाच्या गाडीची गतिज ऊर्जा ३० किमी वेगाच्या गाडीच्या जवळपास पावणेतीन पट असते. सायकलस्वाराभोवती पत्रा नाही, एअरबॅग नाही. म्हणून जास्त जबाबदारी जास्त वजनाकडे जाते.

ओव्हरटेकचं अंतर शहरात दीड मीटर धरा. जर्मनीत २०२० पासून कायद्यानेच वस्तीत किमान दीड आणि वस्तीबाहेर दोन मीटर ठरवलं आहे. इतकं अंतर लागतं, कारण सायकल सरळ रेषेत चालत असली तरी तोल सावरताना थोडी हलते, खड्डा दिसला तर हातभर सरकते, आणि मोठ्या वाहनाच्या वाऱ्याने आधी बाहेर ढकलली जाते व मग आत ओढली जाते. चढावर सायकलचा वेग आठ-दहा किमीवर येतो आणि डुलणं वाढतं. तिथे आणखी जागा द्या.

समोरून वाहतूक येत असेल तर किती रस्ता मोकळा हवा? तुम्ही ५० किमी वेगाने, सायकल २० किमी वेगाने. तुमच्या वेगातला फरक ३० किमी, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. सायकलच्या १५ मीटर मागून सुरुवात करून १० मीटर पुढे जाऊन परत लेनमध्ये यायचं, तर दोन्ही वाहनांची लांबी धरून ३० मीटरची आघाडी घ्यायची आहे. त्याला साधारण ३.६ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही ५० मीटर जाता, आणि समोरून त्याच वेगाने येणारी गाडीही ५० मीटर पुढे येते. म्हणजे शंभर मीटर तर हवेतच, आणि वर सुरक्षेसाठी आणखी. एवढं दिसत नसेल तर मागे थांबा.

थांबल्याने किती वेळ जातो? दोनशे मीटर सायकलच्या मागे २० किमी वेगाने गेलात तर ३६ सेकंद लागतात, ५० किमीने गेला असता तर १४. फरक बावीस सेकंदांचा. त्यातले बरेचसे पुढच्या लाल सिग्नलवर तसेही गेले असते.

डावीकडे वळायचं आहे आणि सायकल पुढे आहे, वळण तीस-चाळीस मीटरवर आहे. अशा वेळी ओव्हरटेक करू नका, तिच्या मागून वळा. ओव्हरटेक करून लगेच डावीकडे कापणं हा चौकातल्या सर्वांत धोकादायक चुकांपैकी एक आहे. चालकाला वाटतं आपण पुढे निघालो. पण वळणासाठी ब्रेक लावताच सायकल पुन्हा बरोबरीला आलेली असते.

बाजूच्या रस्त्यावरून मुख्य रस्त्यावर येताना दोनदा बघा. सायकलची पुढून दिसणारी आकृती अरुंद असते, त्यामुळे ती किती वेगाने जवळ येते आहे हे डोळ्याला नीट कळत नाही. शिवाय काचेच्या बाजूचा खांब अख्ख्या सायकलस्वाराला झाकू शकतो. डोकं थोडं पुढे-मागे हलवून बघितलं की तो खांबामागून बाहेर येतो.

हॉर्न सायकलच्या पाठीशी जाऊन वाजवू नका. दचकून हँडल हलतं, आणि ते नेमकं तुमच्या बाजूला हलू शकतं. कळवायचंच असेल तर तीस मीटर आधी एकदा, हलका. रात्री समोरून सायकल येत असेल तर गाडीसाठी करता तसाच तिच्यासाठीही डिपर करा. हे फार जण विसरतात आणि सायकलस्वार काही क्षण अक्षरशः आंधळा होतो. साचलेल्या पाण्यातून जाताना वेग कमी करा.

दार उघडताना दारापासून लांबचा हात वापरा: उजव्या सीटवर असाल तर डावा हात. त्यामुळे धड आपोआप मागे वळतं आणि नजर आरशाकडे व मागच्या रस्त्याकडे जाते. याला डच रीच म्हणतात. मागे बसलेल्यांनाही हे शिकवा, कारण चालक आरशात बघतो पण मागच्या सीटवरचे प्रवासी बघत नाहीत.

अडचणीचा चांगुलपणा

काही सौजन्य धोक्याचं असतं, आणि नवखे दोन्ही बाजूंनी त्यात फसतात. वाहत्या रस्त्यावर गाडीवाला थांबतो आणि सायकलवाल्याला हाताने ‘जा’ म्हणतो. पण शेजारच्या लेनमधल्याला हा इशारा दिसलेला नसतो. सायकलस्वार थांबलेल्या गाडीच्या आडून बाहेर येतो आणि थेट दुसऱ्याच्या पुढ्यात. ज्याची पाळी आहे त्याने जावं, हेच बरं. कुणी खुणावलंच तर हाताने आभार मानून नकार द्या, किंवा पायी उतरून प्रत्येक लेन स्वतः बघत जा. तसंच सायकलस्वाराने मागच्या गाडीला ‘या, ओव्हरटेक करा’ असा हात करू नये. समोरचं दृश्य तुम्हाला जेवढं दिसतं तेवढं त्याला दिसत नाही, आणि तुमच्या शब्दावर तो पुढे येतो. थांबून साइड देणं वेगळं. तिथे निर्णय त्याचाच राहतो.

ज्या सवयींनी डोकी तापतात

सिग्नल तोडणं, उलट्या बाजूने येणं, रात्री दिवा नसणं, कानात इअरफोन. एकाने केलं की राग सगळ्या सायकलवाल्यांवर निघतो. हे न्याय्य नाही, पण घडतं असंच. उलट्या बाजूने येणाऱ्यांना वाटतं की समोरची गाडी दिसते म्हणून ते सुरक्षित. प्रत्यक्षात २० आणि ५० किमीची टक्कर समोरासमोर होते, म्हणजे जवळ येण्याचा वेग ७० किमी. साठ मीटर अंतर तीन सेकंदांत संपतं. योग्य बाजूला असता तर त्याच साठ मीटरला सात सेकंद मिळाले असते. शिवाय गल्लीतून डावीकडे वळणारा चालक उजवीकडे बघत असतो, तुम्ही त्याच्या डावीकडून येता.

जोडीने चालवण्यावरून बरेच वाद होतात. आठ जणांचा गट एका रांगेत गेला तर त्याची लांबी पंचवीस मीटरच्या आसपास होते, दोन-दोनच्या जोड्यांनी गेला तर बाराच्या. अरुंद लेनमध्ये ओव्हरटेक करताना शेजारच्या लेनमध्ये जावंच लागतं, त्यामुळे आखूड गट ओलांडणं सोपं. पण लेन रुंद असेल आणि मागे गाड्या असतील, तर एका रांगेत या. तिघांनी कधीही शेजारी-शेजारी चालू नये.

दिव्यांबाबत: पुढे पांढरा, मागे लाल. पुढचा दिवा किंचित खाली झुकवा, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका. मागे एकच असेल तर स्थिर ठेवा, कारण अंतराचा अंदाज स्थिर दिव्यावरून चांगला येतो. दोन असतील तर एक लुकलुकता चालेल. घोट्याला बांधलेली चमकती पट्टी जॅकेटइतकीच उपयोगी असते. वर-खाली होणारा पाय बघून चालकाला लगेच कळतं की पुढे सायकलस्वार आहे. पावसात रिमच्या ब्रेकला पहिले काही फेरे पाणी पुसण्यातच जातात, म्हणून लवकर दाबायला सुरुवात करा. पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं यांवर वळू नका. रेल्वेचे रूळ शक्य तितक्या काटकोनात ओलांडा.

वाद झालाच तर

कुणी कट मारला, तर पहिलं काम तोल सांभाळण्याचं. दुसरं काम बाजूला थांबून श्वास घेण्याचं. पाठलाग करू नका, गाडीवर थाप मारू नका. आत बसलेल्याला ती हल्ल्यासारखी वाटते आणि मग बोलणं संपतं. पुढच्या सिग्नलला भेट झालीच तर एकच वाक्य बोला, आरोपाचं नको, माहितीचं: ‘तुम्ही फार जवळून गेलात, माझा तोल गेला असता.’ कित्येक चालकांना त्यांनी काय केलं हे माहीतच नसतं. तो ओरडला तर वाद तिथेच सोडा आणि त्याला पुढे जाऊ द्या. मागून चिडलेली गाडी येत असेल तर तिच्या पुढे राहण्यापेक्षा मागे राहणं केव्हाही सुरक्षित.

चालकांनाही हेच. सायकलवाल्याने चूक केली तरी गाडी अंगावर घालून धडा शिकवू नका. गाडीने दिलेली ताकीद त्याच्या जिवावर बेतू शकते.

जाणूनबुजून अंगावर गाडी घातली असेल तर तक्रार करा. त्यासाठी लगेच थांबून टिपून ठेवा: गाडीचा नंबर, रंग, मॉडेल, वेळ, जागा, प्रवासाची दिशा आणि पाहिलेल्या एखाद्याचा फोन. नंबर लगेच मोठ्याने म्हणून फोनमध्ये रेकॉर्ड करा, दोन मिनिटांत आकडे विसरतात. कॅमेरा असेल तर तेवढा भाग त्याच दिवशी वेगळा साठवा, नाहीतर नवं चित्रण त्यावर लिहिलं जातं.

टक्कर झाली असेल तर दोघांनीही थांबायचं. डोक्याला किंवा मानेला मार असेल तर जखमीला हलवू नका, हेल्मेट काढू नका, रुग्णवाहिका बोलवा आणि मागून येणाऱ्या गाड्यांना सावध करा. जखम गंभीर नसेल तर वाहनं बाजूला करण्याआधी त्यांच्या जागांचे फोटो घ्या, मग एकमेकांची नावं, फोन आणि विम्याचे तपशील. चूक कुणाची यावर रस्त्यातच निकाल लावत बसू नका. ‘मला काही झालं नाही’ असं लगेच सांगू नका. दुखणं अनेकदा काही तासांनी जाणवतं.

सायकल चालवून घरी नेण्याआधी पुढचं चाक उचलून फिरवा आणि ते ब्रेकला घासतं का बघा. हँडल चाकाच्या काटकोनात आहे का, दोन्ही ब्रेक धरतात का, फोर्क (पुढचं चाक धरणारा दुभागलेला दांडा) मागे वाकला आहे का हे तपासा. कार्बनची फ्रेम किंवा फोर्क असेल तर बाहेरून तडा दिसला नाही तरी जाणकाराला दाखवल्याशिवाय त्यावर बसू नका. फुटलेलं किंवा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही, आतला फोम एकदाच दबतो.